रिकाम्या गाडीचं वजन

काट्यावर बसतो मी, संकेश्वरच्या अलीकडे,
साखर कारखान्याच्या फाटकाशी.
उसाची गाडी आधी भरलेली चढते,
मग गव्हाणीवर मोकळी होऊन परत येते.
भरलेलं वजा रिकामं, उरेल तो ऊस.
एकोणीस हंगाम हीच वजाबाकी.

माझी स्वतःची राहून गेली होती.
घरचा काटा एकशे वीसला थांबायचा.
म्हणून एका रात्री, पाळी संपताना, कुणी नाही बघून
मी गाडीच्या काट्यावर जाऊन उभा राहिलो.
तो दहाच्या पटीत बोलतो. एकशे पन्नास म्हणाला.
बेळगावात डॉक्टरांकडे एकशे सेहेचाळीस भरलं.
चार किलो काट्याने पदरचे घातले होते.

डॉक्टरांनी कागदावर जठर काढलं
आणि त्याच पेनाने बरंचसं खोडलं.
"उरेल ते केळ्याएवढं."
"जवारी केळं की मोठं?" भारतीने विचारलं.
डॉक्टर हसले. मला मेलं हसू येईना.

मग डाळीचं पाणी, औषधाच्या टोपणातून.
घोट. घड्याळ. घोट.
बायको स्वयंपाकघराचं दार लावून फोडणी द्यायची,
जिऱ्याचा वास तरी खालून यायचाच,
चोरासारखा, अनवाणी.

आमच्या भागात 'कसा आहेस' कुणी विचारत नाही.
'जेवलासा?' विचारतात, नाहीतर 'ऊट आतेन्री?'
दोन्हीला पूर्वी माझं उत्तर एकच:
झालंय, पण बसतो की तुमच्यासंगं.
आता दोन चमचे उपीट म्हणजे जेवण का?
'आतरी' म्हणतो.
कन्नडात खोटं जरा हलकं जातं.

निपाणीच्या आत्याने मान चाचपून बघितली,
"कुणी खाल्लं रे तुला?" म्हणून रडली.
ड्रायव्हर लोकांत माझे तीन आजार ठरलेत,
त्यातला एक बराच मोठा आहे.
चुलतभाऊ एकदम आदराने बोलतो,
त्याचंच जास्त लागतं.

चिकोडीच्या लग्नात टोपलीभर मांडे आले.
पापुद्र्यावर पापुद्रा, आत पिठीसाखर, खसखस.
फक्त कोपरा मोडला. एक कोपरा.
दहा मिनिटांत घाम, छातीत ढोल,
मांडवामागे गाद्यांच्या ढिगावर पडून राहिलो
आणि वाजंत्री ऐकत विचार केला,
मनातले मांडे म्हणून लोक हसतात,
मला तर डॉक्टरांनी तेवढेच ठेवलेत.

केस गळतात. थंडी वाजते, मला, ज्याला पौषातही पंखा लागायचा.
पोटाची कातडी लोंबते,
ऊस उतरल्यावर ट्रॉलीच्या कडेला ताडपत्री लोंबते तशी.
अंघोळ करताना मी ती उचलून पुसतो
आणि घडी कुठं घालायची ते कळत नाही.
रात्री भारतीचा हात मला शोधत येतो,
जिथे मी असायचो तिथे पडतो, गादीवर.
थोडा वेळ तिथेच राहतो.
मी सरकत नाही. का, ते माहीत नाही.

केबिनमधली माझी खुर्ची लोखंडी,
तीन प्लास्टिकच्या मोडल्यावर
फिटर अडव्याप्पाने भंगारातून जोडून दिलेली.
आता उजव्या बाजूला वीतभर जागा उरते.
तिथे एक मांजर येऊन बसतं.
त्याला वाटतं, ती त्याच्यासाठीच सोडलीय.

परवा पुन्हा काट्यावर उभा राहिलो.
नव्वद म्हणाला. खरे चौऱ्याण्णव आहेत.
चार किलो ठेवून घेतले त्याने. फिटलं.
पण बावन्न किलो गेले ते काय होतं,
भरलेलं कोणतं नि रिकामं कोणतं,
याची पावती मात्र छापून येत नाही.

पहाटे चारला बसगौडाचा ट्रॅक्टर लागला.
माझा डबा उघडा. पाव भाकरी, मुगाची उसळ,
पस्तीस मिनिटं झालेली, अजून निम्मी बाकी.
खिडकीतून वाकून त्याने विचारलं,
"जेवान झालं काय, सायेब?"
घास तोंडात होता. पूर्ण चावला. गिळला. थांबलो.
मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले.

"व्हायलंय," म्हटलं.